आंब्याच्या वेबसाइटला ‘कार्बन न्यूट्रल’ बॅज घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर लगेच सांगता येईल. देवगडजवळ तुमची हापूसची कलमं आहेत. मार्च ते मे पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत जातात. उरलेलं वर्ष कोकम आगळ, आमरसाचे डबे, फणसपोळी असं थोडंथोडं चालू असतं. तीन वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर वेबसाइट करून घेतली. यंदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘‘खत-फवारणीबद्दल एवढं लिहिता, मग तुमची वेबसाइट किती कार्बन सोडते ते पाहिलंय का?’’ आणि सोबत एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरचा निकाल पाठवला. त्यात तुमची साइट अगदी तळाला. तेवढ्यात एका होस्टिंगवाल्याने, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्याने, वर्षाला अठरा हजारांत ‘ग्रीन होस्टिंग’ आणि पानाच्या तळाशी लावायला ‘कार्बन न्यूट्रल’चा (जेवढा कार्बन सोडला तेवढा भरून काढला, अशा दाव्याचा) बॅज देऊ केला. तो घ्यावा का, आणि न घेतल्यास नेमकं काय करावं?

बॅज घेऊ नका. अठरा हजारांतले निम्म्याहून कमी पैसे खर्चून साइट आठ-नऊ पटींनी हलकी होईल आणि तो फरक मोजून दाखवता येईल. होस्टिंग बदलायचं की नाही हे ते कुठलं आहे यावर ठरेल, त्याबद्दल पुढे लिहितो. पण तुमच्या धंद्यातला मोठा कार्बन वेबसाइटमध्ये नाहीच. तो पेटी देवगडहून निघते तिथपासून तो शेवटचा आंबा खाल्ला किंवा फेकला जातो तिथपर्यंत पसरलेला आहे, आणि वेबसाइटचा खरा उपयोग तिथे होऊ शकतो.

आधी हिशोब करू, कारण आकड्यांशिवाय या विषयात सगळं हवेत राहतं. काल रात्री तुमची साइट उघडून पाहिली. होमपेज साडेनऊ एमबीच्या आसपास उतरतं. जगभरच्या वेबसाइटींची मोजदाद ठेवणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हनुसार २०२४ मध्ये मोबाइलवरच्या मध्यम होमपेजचं वजन सुमारे २.३ एमबी होतं. म्हणजे तुमचं पान त्याच्या चौपट. एप्रिलमध्ये सहा हजार भेटी होतात असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येक भेटीत सरासरी नऊ एमबी धरले तर महिन्याला ५४ जीबी. हे कॅल्क्युलेटर ज्या ‘सस्टेनेबल वेब डिझाइन’ मॉडेलवर चालतात, त्याच्या चौथ्या आवृत्तीत एका जीबीमागे साधारण ०.३ युनिट वीज धरलेली आहे. यात सर्व्हर, नेटवर्क, बघणाऱ्याचा फोन आणि ही सगळी यंत्रं बनवण्याची ऊर्जासुद्धा आली. ५४ जीबी म्हणजे सोळा युनिट. दोन किलोवॅटचा गिझर आठ तास चालवला तर एवढीच वीज जाते. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावर तयार होते. एकूण झाला अकरा किलो.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे तुमच्या वेबसाइटचा ऐन सीझनचा अख्खा महिना चार लिटर डिझेलच्या बरोबरीचा. पुण्याला पेट्या घेऊन निघालेल्या तुमच्या टेम्पोचं एवढं डिझेल फोंडा घाटाच्या पायथ्याला पोचता पोचता संपेल.

आता या हिशोबातली गोम. हे मॉडेल अंदाजाचं आहे आणि तो अंदाज किती हलतो ते बघा: याच मॉडेलच्या तिसऱ्या आवृत्तीत एका जीबीला ०.८१ युनिट धरले होते. आवृत्ती बदलली आणि तीच वेबसाइट रातोरात निम्म्याहून ‘स्वच्छ’ झाली, कुणी काही न करता. कारण असं की वीज आणि डेटा यांचं नातं सरळ गुणाकाराचं नाही. मोबाइलचा टॉवर, राउटर, सर्व्हर हे तुमचं पान कुणी उघडो न उघडो, बऱ्यापैकी वीज खातच असतात. शेवटची एसटी रिकामी धावली म्हणून डिझेल शून्य लागत नाही, तसंच. यापेक्षा मोठे घोळही झालेत. २०१९ मध्ये द शिफ्ट प्रोजेक्ट या फ्रेंच संस्थेच्या हवाल्याने अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ पाहिला की १.६ किलो कार्बन, असा आकडा जगभर छापून आला. पुढे मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत झाल्याचं निघालं. आकडा आठपट फुगलेला होता. त्यामुळे कॅल्क्युलेटरमधला ग्रॅमचा आकडा ब्रह्मवाक्य समजू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना करायला तो चांगला आहे. दुसऱ्याच्या साइटशी तुलना करायला बरा. ‘आम्ही इतके ग्रॅम कार्बन वाचवला’ असं छापायला बिलकूल नाही.

मग एवढ्याशा आकड्यासाठी साइट हलकी करण्याचा खटाटोप का करायचा? माझ्या लेखी कारण फोन आहे. स्मार्टफोनच्या आयुष्यातल्या एकूण उत्सर्जनाचा सर्वांत मोठा भाग, अॅपलसारख्या कंपन्यांच्या स्वतःच्याच अहवालांप्रमाणे साधारण ८० टक्के, तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. चार्जिंगची वीज त्यापुढे किरकोळ. म्हणजे एखादा फोन तीन वर्षांऐवजी पाच वर्षं टिकणं ही खरी बचत. आणि लोक फोन का बदलतात? बॅटरी खचते हे एक, आणि ‘फोन स्लो झालाय’ हे दुसरं. फोन होता तसाच असतो, वेबसाइटी आणि अॅप जड झालेली असतात. तुमची एकटीची साइट कुणाचा फोन वाचवणार नाही हे मला कळतं, पण जुन्या फोनवर धडपणे चालणारी साइट बनवणं हा मी माझ्यापुरता धंद्याचा नियम केलाय. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीचा, दोन जीबी रॅमचा एक स्वस्त फोन आहे. नवी साइट झाली की तो घेऊन मी कोल्हापूरच्या सीबीएसवर, म्हणजे मुख्य एसटी स्टँडवर, जातो, गर्दीच्या वेळी बाकड्यावर बसतो आणि साइट उघडतो. चहा संपायच्या आत ऑर्डरच्या बटणापर्यंत पोचलो तर काम झालं. काल त्याच फोनवर तुमची उघडली. आंबा दिसायला एकोणीस सेकंद लागले, आणि त्याआधी तीन वेळा पान खाली-वर उडालं. पर्यावरण बाजूला ठेवा, यात गिऱ्हाईक गेलं.

आता ते साडेनऊ एमबी कुठे जातात ते सांगतो, मोठ्यापासून लहानाकडे.

पान उघडताच आपोआप सुरू होणारा बागेचा ड्रोन व्हिडिओ निम्म्याच्या वर आहे. कोकणातल्या होमस्टेपासून काजू-फॅक्टरीपर्यंत प्रत्येकाच्या साइटवर हा ड्रोन हल्ली असतोच. एका वर्षी मी स्वतः तीन गिऱ्हाइकांना तो लावून दिलाय, तेव्हा दोष तुमच्या वेबसाइटवाल्याला एकट्याला देत नाही. पण मोबाइलवर तो व्हिडिओ अंगठ्याएवढा दिसतो आणि लोक दोन सेकंदांत खाली सरकतात. त्यातला एक सुंदर स्थिर फोटो काढून तिथे लावा, आणि ‘बाग पाहा’ असं बटण द्या. ज्याला बघायचंय तो दाबेल. यूट्यूबची चौकट थेट पानात बसवणं हाही उपाय नाही, कारण कुणी बटण दाबायच्या आधीच ती चौकट अर्ध्या एमबीहून जास्त कोड खाली ओढते. नुसतं चित्र आणि त्यामागे लिंक एवढंच ठेवा.

मग फोटो. फोनने काढलेला चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो तसाच चढवलाय आणि दाखवलाय मात्र दोन बोटांएवढ्या चौकटीत. अकरा फोटो आहेत असे. रुंदी बाराशे पिक्सेलवर आणा, वेबपी या प्रकारात साठवा. त्याच दर्जाला वेबपी जेपीजीपेक्षा पाव ते एक तृतीयांश हलकं पडतं, आणि वर्डप्रेस ते २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून थेट घेतं. एव्हिफ आणखी हलकं, ते २०२४ च्या ६.५ पासून चालतं. एका फोटोमागे शंभर-दीडशे केबीच उरतात, डोळ्यांना फरक कळत नाही. पानाच्या खालच्या भागातले फोटो तिथवर सरकल्यावरच उतरावेत ही सोय वर्डप्रेसमध्ये २०२० पासून आपोआप चालू असते. तुमच्या साइटवर मात्र स्लायडरच्या प्लगइनने (वर्डप्रेसला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामने) ती मोडलीय. स्लायडर काढूनच टाका. पाच फोटो फिरत असतात आणि तिसऱ्याच्या पुढे कुणी बघत नाही.

इथे माझी एक फजिती सांगून ठेवतो. तीन-चार वर्षांपूर्वी एका आंबेवाल्याचेच फोटो मी उत्साहाच्या भरात फारच दाबले, पन्नास केबीच्या आत. साइट वाऱ्यासारखी पळायला लागली. आठवड्याने त्यांचा फोन आला, ‘‘लोक विचारताहेत, आंबा पिकलेला पाठवता की हिरवा?’’ दाबण्यात हापूसचा तो केशरी-पिवळा देठाकडचा रंग गढूळ झाला होता. बाकी कशावरही कात्री चालवा, पण मुख्य आंब्याच्या एका फोटोला दोनशे केबी द्यायला कचरू नका. ज्यावर माल विकला जातो तो फोटो वाया गेलेला डेटा नसतो.

फॉन्टचा मुद्दा मराठी साइटींना इंग्रजीपेक्षा जास्त लागू आहे. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असतात, त्यामुळे एकेका जाडीची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी होते. तुमच्याकडे दोन फॉन्ट आहेत आणि प्रत्येकाच्या चार-चार जाड्या उतरवल्या जातात, वापरल्या जातात फक्त तीन. खरं तर बाहेरचा फॉन्ट लागतोच का? अँड्रॉइडवर नोटो असतो, विंडोजवर निर्मला, अॅपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी. तिन्ही सुवाच्य आहेत आणि तिन्हींसाठी एक केबीही उतरवावा लागत नाही. दुकानाच्या नावाला तुमचा तो वळणदार फॉन्ट हवा असेल तर नाव चित्र म्हणून ठेवा, मजकूर फोनच्या फॉन्टात. हे ऐकून डिझायनर लोक नाराज होतात. होऊ द्या.

यानंतर किडुकमिडुक, पण बेरीज मोठी. उजव्या कोपऱ्यात उड्या मारणारं व्हॉट्सअॅप बटण एका प्लगइनचं आहे. त्याजागी साधी व्हॉट्सअॅप लिंक ठेवली की तेच काम होतं. इन्स्टाग्रामची भिंत काढा. नकाशा थेट बसवलाय, त्याऐवजी एक चित्र आणि नकाशाची लिंक पुरते. ‘मी रोबोट नाही’वाला कोड प्रत्येक पानावर उतरतो, तो फक्त संपर्काच्या पानावर ठेवा. फेसबुकच्या जाहिराती दोन वर्षांपूर्वी बंद केल्यात असं तुम्ही म्हणता, पण त्यांचा माग काढणारा कोड अजून चालू आहे. जुन्या घरातल्या माळ्यासारखं असतं हे. चढून बघितल्याशिवाय काय काय साठलंय ते कळत नाही.

एवढं केलंत की होमपेज एक-सव्वा एमबीवर येईल. माझ्या अनुभवात दोन दिवसांचं काम. मघाच्याच हिशोबाने एप्रिलच्या सोळा युनिटांचे दोन होतात, आणि चार लिटर डिझेलचं अर्धा लिटर.

सर्व्हरच्या बाजूचं थोडं कमी सांगतो, कारण ते तुम्हाला स्वतः करायचं नाही, वेबसाइटवाल्याला सांगायचंय. प्रत्येक भेटीला सर्व्हर तेच पान नव्याने शिजवतो, ते थांबवायचं. कॅशिंग चालू केलं की एकदा तयार झालेलं पान तसंच वाढलं जातं. वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीच्या ७.४ आवृत्तीवर आहात, तिचा पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. नवी आवृत्ती वेगवान आहे आणि सुरक्षेसाठी ती हवीच. तुमचा पूर्ण चार जीबीचा बॅकअप रोज होतो आणि तीस दिवस ठेवला जातो. ऑगस्टमध्ये, जेव्हा आठवड्याला सहा ऑर्डरी येतात, तेव्हाही. सीझनमध्ये रोज ठेवा, पावसाळ्यात आठवड्याने. आणि सर्व्हरच्या नोंदी उघडून बघा: भेट देणाऱ्यांतले बरेचसे माणसं नसतातच. हल्ली इंटरनेटवरची निम्म्याच्या आसपास वर्दळ बॉटची, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामची असते. कुणी लॉगिनचं पान ठोठावतंय, कुणी एआयसाठी मजकूर गोळा करतंय. लॉगिनवर मर्यादा घाला, नको असलेल्या बॉटना अडवा. माझ्या एका गिऱ्हाइकाचं ‘होस्टिंग कमी पडतंय, मोठा प्लॅन घ्या’ हे दुखणं नुसत्या एवढ्याने गेलं.

गडद पार्श्वभूमीचं तुम्ही विचारलंय म्हणून एका वाक्यात: ओलेड पडद्यावर बचत होते, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात नेहमीच्या ३० ते ५० टक्के प्रकाशमानाला ती ३ ते ९ टक्केच निघाली. आंब्याला काळी पार्श्वभूमी शोभत असेल तर लावा, कार्बनसाठी लावू नका.

आता होस्टिंग. इथे ‘परिस्थितीवर अवलंबून’ हे उत्तर मला खरोखर द्यावं लागतं. द ग्रीन वेब फाउंडेशनच्या साइटवर तुमचा पत्ता टाकला की तुमचा होस्ट त्यांच्या यादीत आहे का ते दिसतं. यादीत असणं चांगली खूण आहे, नसणं म्हणजे लबाडी असं मात्र नाही. बऱ्याच लहान भारतीय कंपन्या नोंदणीच करत नाहीत. त्यापेक्षा होस्टिंगवाल्याला सरळ विचारा. सर्व्हर नेमका कुठल्या शहरात? तिथली वीज कुठून येते: छतावरच्या पॅनेलची, पवन-सौर कंपनीशी केलेल्या कराराची, की वर्षाअखेरीस विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांची? का नुसती झाडं लावता? चौघांत फार फरक आहे. करारातून नवा प्रकल्प उभा राहायला हातभार लागतो. प्रमाणपत्र कागदावरचा हिशोब जुळवतं, त्या रात्री सर्व्हरला लागलेली वीज कोळशाचीच असू शकते. २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी अशी वीज थेट घेण्यासाठी लागणाऱ्या किमान मागणीची मर्यादा एक मेगावॅटवरून शंभर किलोवॅटवर आणली, तेव्हा मध्यम आकाराच्या डेटा सेंटरलाही आता थेट हरित वीज घेणं शक्य आहे. ‘नियमच तसे नाहीत’ ही सबब चालणार नाही.

मी स्वतः एकदा फसलोय. एका गिऱ्हाइकाला हौसेने ‘ग्रीन’ होस्टिंगवर नेलं. ऐन दिवाळीच्या आठवड्यात साइट दोनदा झोपली, आणि नंतर खोदून विचारल्यावर कळलं की ग्रीन म्हणजे दर गिऱ्हाइकामागे एक रोप. कुठे लावलं, जगलं का, काही पत्ता नाही. तेव्हापासून लेखी उत्तर आल्याशिवाय मी हलत नाही.

काही जण सुचवतील की साइट स्वीडनला न्या, तिथली वीज जलविद्युत आणि अणुऊर्जेची. विजेच्या बाबतीत ते खरं आहे. पण तुमचं गिऱ्हाईक कोथरूड आणि डोंबिवलीत आहे. हलकी साइट, तुमचा आत्ताचा होस्ट मुंबई-नवी मुंबईत असेल तर तिथेच ठेवा. साडेनऊ एमबीचं पान हरित सर्व्हरवर नेण्यापेक्षा एक एमबीचं पान साध्या सर्व्हरवर ठेवणं मला पटतं, कारण वजन घटलं की नेटवर्क आणि फोन या दोन्हींवरचा भारही घटतो. नुसता सर्व्हर बदलून ते होत नाही. दोन वर्षांनी करार संपेल तेव्हा चांगला पर्याय मिळाला तर जरूर बदला.

इथवरचं थोडक्यात: व्हिडिओ काढा, फोटो आणि फॉन्ट हलके करा, प्लगइनांची सफाई करा, कॅशिंग आणि नवी पीएचपी घ्या, होस्टला प्रश्न लेखी विचारा. सीझनच्या आधी, जानेवारीत मोहोर पाहायला बागेत जाल तेव्हाच हे उरकून घ्या. एप्रिलमध्ये साइटला हात लावायचा नाही.

आता टेम्पोकडे येऊ. देवगड ते पुणे एक फेरी म्हणजे तीसेक लिटर डिझेल, ऐंशी किलोच्या आसपास कार्बन. वेबसाइटवरची सगळी कसरत करून महिन्याला दहा किलो वाचले. एक फेरी कमी झाली तर एका दिवसात त्याच्या आठपट. आणि फेऱ्या कमी करणं वेबसाइटच्या हातात आहे.

सध्या तुमच्या साइटवर कुणीही कुठल्याही दिवशी ऑर्डर देतो आणि ‘लवकरात लवकर’ पाठवू असं लिहिलंय. त्यामुळे अर्ध्या रिकाम्या गाड्या जातात किंवा एकेक पेटी कुरिअरने सुटते. ऑर्डरच्या पानावर पिनकोड आधी विचारा, आणि तिथेच सांगा: तुमच्या भागात गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी. साताऱ्याच्या एका मसालेवालीला मी हे करून दिलं तेव्हा ती घाबरली होती, लोक ऑर्डर सोडून जातील म्हणून. गेले नाहीत. ठरलेला वार कळल्यावर उलट ‘कधी येणार’चे फोन कमी झाले. पुढे जाऊन एका सोसायटीतल्या पाच ऑर्डरी एकत्र आल्या तर पेटीमागे थोडी सूट ठेवा. आंब्याच्या बाबतीत शेजारणी एकमेकींना विचारतातच, त्याचा फायदा घ्या. रोखीने पैसे देण्याच्या ऑर्डरी पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर एकदा ‘हो’ घ्या. दारातून परत फिरलेली पेटी म्हणजे दोन वेळचं डिझेल, आणि आंबा तर परत येईपर्यंत उतरलेलाच.

दुसरी गळती गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात आहे. निम्मे लोक पेटी आली की कच्चा आंबा सरळ फ्रिजमध्ये घालतात. थंडीने पिकण्याची क्रिया बिघडते, आंबा सुरकुततो, आंबट राहतो आणि कचऱ्यात जातो. मग तुम्हाला फोन येतो, तुम्ही दुसरी पेटी पाठवता. अढी कशी लावायची यावर तुमच्या साइटवर एक ओळही नाही! एक साधं पान करा: पेटी उघडून आंबे पेंढ्यात एका थरात ठेवा, देठ वर, हवा खेळू द्या, रोज बघा, वास सुटला आणि दाबून मऊ लागला की तो आधी खा, पूर्ण पिकल्यावरच फ्रिज. पंधरा-वीस केबीचं पान. त्याची क्यूआर खूण पेटीवर चिकटवा. साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा) निघाला तर काय, हेही तिथेच लिहा: कापलेल्या आंब्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा, पुढच्या ऑर्डरीत भरपाई. परत पाठवायला सांगू नका. साका बाहेरून ओळखता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला नाही. तेही दोन ओळींत समजावलंत तर निम्मी भांडणं मिटतील.

राहता राहिला बॅज आणि त्या गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘कार्बन न्यूट्रल’ असले शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे नियमही त्याच वर्षी फेब्रुवारीपासून लागू आहेत. बॅज होस्टिंगवाल्याने दिला असला तरी दावा तुमच्या दुकानाच्या पाटीखाली झळकणार, आणि पुरावा मागितला तर तो तुम्हाला दाखवावा लागणार. शिवाय वाचणाऱ्याला वाटणार की आंबाच कार्बन न्यूट्रल आहे.

त्याऐवजी, काम झाल्यावर, ‘आमच्याबद्दल’च्या पानावर एवढंच लिहा: ‘‘एका गिऱ्हाइकाने विचारल्यावर आम्ही ही वेबसाइट तपासली. आधी पहिलं पान साडेनऊ एमबीचं होतं, आता इतकं आहे. गाड्या ठरलेल्या वारीच निघतात, म्हणून पेटीला एखादा दिवस जास्त लागू शकतो. गेल्या सीझनमध्ये इतक्या फेऱ्या केल्या, या सीझनमध्ये इतक्या.’’ खाली तारीख. आकडा वाढला तरी छापायचा. अवकाळीने माल उशिरा आला आणि फेऱ्या वाढल्या तर तसं लिहायचं. आणि त्या गिऱ्हाइकाला या पानाची लिंक स्वतःहून पाठवा. तिने कॅल्क्युलेटरची मेहनत घेतलीय, तिला पहिल्या पेटीसोबत फणसपोळीचा एक तुकडा जाऊ द्या.

ड्रोनचा मूळ व्हिडिओ मात्र पुसू नका. आपोआप चालतो ही त्याची चूक आहे, बाग सुरेख आलीय.